खवले, शनिवार आणि साखर



या खेपेला आमच्या घरात जनगणना झाली, तिची हकिगत सांगतो. गणना करणारी बाई म्हणजे आमची नात, वय वर्षे तेरा. शाळेतून काम मिळाले होते की, ज्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध दिसत नाही अशा दोन गोष्टी शोधा, सवयी असोत की मते, ज्या माणसांत जोडीने सापडतात. पोरीने वही घेतली आणि फोन लावायला बसली. लोदची आत्या, अश्दोदचे काका, ठाण्याची मावशी, टोरांटोचा मामा, कोणाला म्हणून सोडले नाही. चहा बशीत ओतून पिता का? दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घडी घालून ठेवता का? मायक्रोवेव्हवर भरवसा आहे का? आणि शेवटी एक मोठ्यांचा प्रश्न, तो तिला कोणी सुचवला देव जाणे: गावचे घर विकावे का?

(नवीन वाचकांसाठी: या सदरातले ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे, आजी आणि आजोबा. एक लिहितो, दुसरी खोडते.)

रविवारी रात्री पोरगी वही घेऊन धावत आली. “आजी, जे बशीतून चहा पितात ना, त्यांच्यातलं कोणीच घर विकायला तयार नाही! आणि मगवाले सगळे म्हणतात, विकून टाका!”

आजोबा म्हणाले, “मग त्या अलिबागच्या दलालाला कळवू या. आधी सगळ्यांच्या बश्या फोड म्हणावं, घर आपोआप विकेल.”

हसलो. पण पोरीचा चेहरा गंभीर. तिला खरेच जाणून घ्यायचे होते की बशीचा आणि घराचा संबंध काय. आम्ही तिला प्रत्येक नावापुढे वय आणि वाढल्याचे गाव लिहायला लावले. झाले, उलगडा झाला. बशीवाले सगळे सत्तरीच्या पुढचे, कोकणात वाढलेले, त्या घराच्या विहिरीचे पाणी शेंदलेले. मगवाले त्यांची मुले आणि सुना, ज्यांनी ते घर फोटोत पाहिले, नाहीतर घरपट्टीच्या पावतीवर. बशी घराला धरून नाही, घर बशीला धरून नाही. दोघांना तिसऱ्यानेच धरून ठेवले आहे, आणि तो तिसरा वहीत लिहिलेलाच नव्हता.

कॅरीत राहून हा विषय कानावर न येणे म्हणजे अलिबागला राहून मासळीचा वास न येणे. जुनी इथली माणसे थट्टेने कॅरी या नावाच्या इंग्रजी अक्षरांची फोड करतात, ‘उत्तरेकडून येणाऱ्या यांकींना कोंडून ठेवायची जागा’ अशी. आमच्या मते ही आकडे कोंडून ठेवायची जागा आहे. शेजारच्या रॅलेला नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात १९४१ साली गर्ट्रूड कॉक्स या बाईंनी संख्याशास्त्राचा विभाग उभा केला, तोही अशा काळात की बाईमाणसाला असल्या खुर्चीवर कोणी बसवत नसे. त्याच विद्यापीठात शेतीच्या प्रयोगांचे आकडे सोडवता सोडवता संगणकाचा एक कार्यक्रम तयार झाला, १९७६ मध्ये त्याची सॅस नावाची कंपनी झाली, आणि १९८० साली ती कॅरीला आली. सॅसमध्ये बुधवारी एम अँड एमच्या रंगीत गोळ्या ठेवायची प्रथा प्रसिद्ध आहे, त्यामुळे आमच्या नातीचेही मत आहे की मोठे झाल्यावर संख्याशास्त्रच करावे. इथल्या देशी जेवणावळीत तीन माणसांतला एक तरी आकड्यांचे काम करणारा निघतो. (हा आमचा अंदाज आहे, आकडेवारी नव्हे. आजीने खोडायला घेतले होते.)

तर या जोडीने चालण्याला पुस्तकी मराठीत ‘सहसंबंध’ म्हणतात. मुलांनो, तो मोजतात एका आकड्याने. दोन गोष्टी अगदी पावलाला पाऊल लावून चालल्या तर १. एक वर जाताना दुसरी नेमाने खाली आली तर उणे १. काहीच मेळ नसला तर शून्य. मोठा आकडा आला की माणसाला वाटते, सापडले! इथेच घसरायला होते.

१९२६ साली उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने मुद्दाम एक वेडगळ जोडी काढून दाखवली. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमध्ये एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या लग्नांचे प्रमाण, आणि मृत्यूचे प्रमाण. सहसंबंध निघाला ०.९५! आता चर्चमध्ये लग्न लावले म्हणून माणसे मरत होती काय? दोन्ही प्रमाणे आपापल्या कारणांनी वर्षानुवर्षे उतरत होती, एवढेच. अलीकडे २०१४ मध्ये टायलर विगेन नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने अशा जोड्यांचा ढीगच जमवला. त्यातली एक: २००० ते २००९ या दहा वर्षांत मेन राज्यातले घटस्फोट आणि अमेरिकेत माणशी खाल्ले जाणारे मार्जरीन, सहसंबंध ०.९९. हे वाचल्यापासून आजी आजोबांना पोळीवर लोणीच देते.

आपल्या घरचे उदाहरण घ्या. १९४८ च्या सुमारास हिंदुस्थानात बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. पुढे दर दहा वर्षांनी आकडा उतरत गेला, आता सगळे ज्यू मिळूनही पाच हजारांच्या आत. त्याच काळात मुंबईत टीव्ही आला, २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि घरोघर वाढत गेला. दोन्ही रेषा कागदावर काढा, एक उतरते, एक चढते, उणे १ च्या जवळ आकडा येईल. म्हणून कोणी म्हणेल काय की आपण टीव्हीला कंटाळून बोटीत बसलो? वर्षे सरत होती. वर्षांनी टीव्हीही आणला आणि आपल्यालाही नेले.

पण प्रत्येक जोडी अशी वेडगळ नसते. २०१२ मध्ये फ्रान्झ मेसर्ली या डॉक्टरांनी २३ देश घेतले, कुठे माणशी किती चॉकलेट खातात आणि दर कोटी लोकांमागे किती नोबेल मिळाली ते मांडले. ०.७९, आणि स्वित्झर्लंड दोन्हींत पुढे. नातीने लगेच चॉकलेट मागितले. तिला म्हटलं, बाई, ज्या देशाकडे चॉकलेटला पैसा आहे त्याच्याकडे प्रयोगशाळेलाही पैसा आहे. तिथेही तिसरा लपलेला आहेच, फक्त तो शोधण्यासारखा आहे.

आता गंमत बघा, आपल्या समाजाची सगळी ओळखच अशा एका तिसऱ्यावर उभी आहे.

कोकणातल्या गावात तेल्याचा धंदा करणारी काही घरे. नावे, कपडे, भाषा, सगळे शेजाऱ्यांसारखे. पण घाणा शनिवारी बंद. लोकांनी नाव ठेवले ‘शनिवार तेली’. तीच घरे मुलाची सुंता आठव्या दिवशी करत. तीच घरे विशिष्ट मासे खात नसत. आणि त्यांच्याच तोंडी ‘शेमा’चे शब्द, अर्थ नीट ठाऊक नसले तरी. शनिवारच्या सुट्टीचा माशाशी काय संबंध? गावकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, काही नाही, त्यांची आपली रीत आहे. मग बाहेरून एक माणूस आला, डेव्हिड रहाबी. कोणी म्हणतात हजार वर्षांपूर्वी, कोणी म्हणतात अठराव्या शतकातले कोचीनचे रहाबी ते हेच. केहिमकरांच्या १९३७ साली तेल अवीवला छापलेल्या इतिहासात आहे आणि आपल्यातल्या प्रत्येकाने आजीकडून ऐकलेली आहे ती गोष्ट: त्याने बायकांना मासळी रांधायला दिली, सगळी मिसळून. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे एकीकडे काढले, बाकीचे बाजूला सारले, म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. रहाबीला पटले. त्याच्या हाती ना वंशावळ होती, ना कागद. एक मासळीची टोपली होती. बशी आणि घर यांच्यामागे जसे कोकणातले बालपण, तसे शनिवार आणि खवल्यांमागे एक जुने, विसरलेले घराणे, आणि ते त्याने बरोबर ओळखले.

आम्ही कॅरीला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात सगळे मिळून जेवण करतात. नॉर्थ कॅरोलायनाचा बार्बेक्यू म्हणजे डुकराचे मांस, ते आम्ही नको म्हटले. समोरच्या आजी, पिढ्यान् पिढ्या इथल्याच, फार मायाळू बाई. आमचा रंग पाहिला, ताट पाहिले, आणि हळूच म्हणाल्या, “तुम्ही मुस्लिम असाल, मला आधी सांगायचं ना!” आणि धावत जाऊन दुसरी परात घेऊन आल्या: तळलेला कॅटफिश. दक्षिणेकडे ह्याला फार मान. आता मांजरमाशाला मिशा असतात, पण खवले नसतात. तेही नको म्हटले. बाई बिचाऱ्या गोंधळल्या. मग कोणीतरी कोळंबी आणली! बाजूला एक ब्रुकलिनहून निवृत्त होऊन आलेले म्हातारबाबा मक्याचे कणीस खात हे सगळे बघत होते. ते म्हणाले, “पोर्क नाही, कॅटफिश नाही, कोळंबी नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या घरात कोणी फोन उचलत नाही.” मग हात पुढे करून म्हणाले, “गुट शब्बेस!” बुधवार होता, पण असो. त्यांना आम्ही पुढे कायम रहाबीकाका म्हणत आलो, त्यांना त्याचा अर्थ सांगितल्यावर ते आठवडाभर खूष होते.

एका खुणेवरून समोरच्या आजी चुकल्या, चार खुणांवरून काका बरोबर निघाले. आजकाल यंत्रे हेच करतात, फक्त चार नव्हे तर चार हजार खुणा घेऊन. २०१३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अठ्ठावन्न हजारांहून अधिक लोकांच्या फेसबुकवरच्या आवडी तपासल्या. कोणाला काय आवडते एवढ्यावरून माणूस कोणत्या पक्षाचा, कोणत्या धर्माचा, याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येत होता. त्यात सापडले की ‘कर्ली फ्राइज’, म्हणजे त्या गुंडाळी बटाट्याच्या काचऱ्या, आवडतात असे सांगणारे बुद्धिमत्तेच्या चाचणीत पुढे होते. मुलांनो, खाऊन काही उपयोग नाही, आमच्या घरी प्रयोग झाला आहे. आणि दुकानदारांना तर ‘का’ची गरजच पडत नाही. २००४ मध्ये फ्लोरिडावर फ्रान्सिस नावाचे वादळ येत होते, तेव्हा वॉलमार्टने जुन्या विक्रीचे आकडे चाळले. वादळाआधी स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट नेहमीच्या सातपट खपतात असे दिसले. ट्रक भरून पाठवले, विकले गेले. आम्ही १९९६ चे फ्रॅन वादळ भोगलेल्यांना विचारले, तर ते म्हणाले, चूल न पेटवता खाता येतं, मुलं रडत नाहीत, त्यात काय एवढं.

पॉप-टार्टपुरते ठीक आहे. पण माणसावर अंदाजाचा शिक्का बसतो तेव्हा काय होते, हे आपल्या समाजाला सांगायला नको. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने आदेश काढला की बेने इस्राएल मुलामुलीचे लग्न दुसऱ्या ज्यू घराण्यात लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. कारण काय? शतकानुशतके एकटे राहिलेल्या समाजात घटस्फोट आणि विधवांची लग्ने शास्त्राप्रमाणे झाली असतील की नाही, अशी शंका. शंका समाजावर, आणि अडायचे एकेका मुलीचे लग्न. कोकणात कधीकाळी कोणाच्या घरात काय झाले असेल, याचा जाब दिमोनातल्या वीस वर्षांच्या पोरीने द्यायचा. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली, ऑगस्टमध्ये क्नेसेटमध्ये ठराव झाला की बेने इस्राएल सर्व बाबतीत ज्यू आहेत, आणि पुढे आदेशातून आपले नाव निघाले. खवले पाहून ज्यांना एकाने आपले म्हटले, त्यांनाच दुसऱ्याने कागद मागितले. आमच्या घरातली थोरली मंडळी त्या वर्षांबद्दल फार बोलत नसत. विचारले की विषय बदलून हवामानावर येत.

साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे, संख्याशास्त्रातला फार मोठा मराठी माणूस, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत वीस वर्षे होते. भुकेल्यांची संख्या मोजताना त्यांनी एक वाद उभा केला. एकाच निरोगी माणसाचा आहार दिवसागणिक कमीजास्त होतो, म्हणून सरासरीच्या खाली दिसला की लगेच त्याला कुपोषित म्हणू नये. त्यांच्यावर टीका खूप झाली, यामुळे गरिबी कमी दिसेल म्हणून, आणि ती अगदीच चुकीची होती असे आम्हाला वाटत नाही. पण समाजाचा आकडा उचलून एका माणसाच्या कपाळी चिकटवताना जपावे, एवढे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग हे सहसंबंध सगळे फेकून द्यावेत. थांबा जरा. आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर डरहॅम आहे. एके काळी लकी स्ट्राइक सिगारेटचा मोठा कारखाना तिथे होता, तो १९८७ मध्ये बंद झाला. आज त्या विटांच्या इमारतींत कचेऱ्या आणि खाणावळी आहेत, धुराडे तेवढे उभे आहे. या राज्यातली घरे, शाळा, विद्यापीठे तंबाखूच्या पैशावर उभी राहिली. आणि लंडनला रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल हे दोघे फुप्फुसाच्या कर्करोगाचे रोगी तपासत होते. डॉल यांना आधी संशय होता मोटारींच्या धुराचा आणि रस्त्यावरच्या डांबराचा. रोग्यांना हजार प्रश्न विचारले, जसे आमच्या नातीने विचारले, आणि जोडी सापडली सिगारेटशी. डॉल यांनी अभ्यास संपायच्या आतच स्वतःची सिगारेट सोडली. १९५० मध्ये निबंध छापला.

तेव्हा उलट बाजूने उभे राहिले रोनाल्ड फिशर, त्या काळचे सगळ्यात मोठे संख्याशास्त्रज्ञ. ते म्हणाले, हा तुमचा तिसरा लपलेला असेल! जन्मतःच काहींच्या रक्तात असे काही असेल की ज्याने सिगारेटही ओढावीशी वाटते आणि कर्करोगही होतो. युक्तिवाद आमच्या बशीसारखाच, तंतोतंत. फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखूवाल्यांचे सल्लागारही होते. त्यांना उत्तर दिले जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९५९ मध्ये. सिगारेट ओढणाऱ्यांना हा रोग नऊपट होतो असे दिसते, ते सगळे त्या लपलेल्या तिसऱ्यामुळे असेल, तर तो तिसराही ओढणाऱ्यांत निदान नऊपट जास्त सापडायला हवा. एवढा मोठा माणूस दाराआड लपेल कसा? दाखवा की! कोणाला दाखवता आला नाही. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी अहवाल जाहीर केला, मुद्दाम शनिवारी, शेअर बाजार बंद असताना. वर्ष तेच, आपल्या धरण्याचे. या जोडीत मात्र काहीही अर्थ नाही, नातीने वहीत लिहायला घेतले तेव्हा आम्ही हात धरला.

आमच्यातल्या एकाने १९७८ मध्ये सिगारेट सोडली. त्यात डॉल, हिल किंवा कॉर्नफील्ड यांचा काही वाटा नाही, श्रेय लग्नाला आहे. (हे वाक्य दुसरीने घातले.)

आता साखर. मागच्या वर्षी एका दवाखान्यात गेलो होतो. तिथल्या आहाराच्या बाईंनी नाव वाचायच्या आधी चेहरे पाहिले आणि शाकाहारी जेवणाचा तक्ता पुढे केला. हिंदुस्थानी म्हणजे डाळभात, असा त्यांचा सहसंबंध. आम्ही म्हटलं, बाई, रावस कुठे आहे यात? त्या वरमल्या. आम्हीही मनात म्हटले, झाले, इथेही शिक्काच. पण डॉक्टरांनी आजीचे वजन पाहिले. अंगाने सडपातळ, कधी कोणी ‘जाड’ म्हटलेले नाही. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा काढतात, तो पंचवीसच्या खाली. दुसऱ्या कोणाला त्यांनी घरी पाठवले असते. पण अमेरिकेच्या मधुमेह संघटनेने २०१५ पासून सांगितले आहे की आशियाई वंशाच्या माणसांची तपासणी तेवीसपासूनच करावी, कारण आपल्याकडे कमी वजनातही साखर वाढलेली सापडते. म्हणून त्यांनी रक्त घेतले. साखर निघाली. लवकर निघाली, अजून फक्त गोळीवर भागते आहे.

एकाच सकाळी, एकाच कपाळावरून दोन अंदाज झाले. एक चुकला, एकाने आजीचे डोळे आणि पाय वाचवले असतील. शाकाहाराचा अंदाज आम्ही एका वाक्यात खोडला आणि बाईंनी ऐकून घेतला. साखरेच्या अंदाजाला डॉक्टरांनी रक्त काढून विचारले. तुमच्यात जे कोणी ‘मी तर बारीक आहे’ म्हणत बसले आहेत, त्यांनी पुढच्या वेळी डॉक्टरांना तेवीसचे विचारावे.

नातीने वहीत नवीन रकाना आखला आहे, ‘साखर’. पुन्हा फोन सुरू आहेत. लोदच्या आत्याने फोन ठेवला नाही, पण उत्तरही दिले नाही, अश्दोदचे काका म्हणाले उद्या तपासतो, आणि ठाण्याच्या मावशीने तर उलट विचारले की बशीतल्या चहाने साखर वाढते का. आम्ही चहा अजून बशीतच पितो, बिनसाखरेचा. गावचे घर उभे आहे, विहिरीवरचा पत्रा मात्र गेल्या पावसात उडाला. तो कोणाच्या पैशाने बसवायचा यावर मगवाले आणि बशीवाले यांची एकदा फोनवर बैठक व्हायची आहे.